चांदीचा फ्यूज

उंदरावर मी पहिल्याच रात्री गुन्हा दाखल करून टाकला होता. पुरावा भक्कम होता. आमची जीप ज्या शेडमध्ये उभी राहते तिथं सरकी पेंडीची पोती, मोसंबीचे रिकामे कॅरेट आणि नुकतंच मळणी करून आणलेलं सोयाबीन, सगळं एकाच पत्र्याखाली. उंदराला जेवण शेजारी आणि झोपायला बॉनेटखालची ऊब. बॅटरीमागं कापसाचं घरटं सापडलं, एका वायरीचं साल कुरतडलेलं दिसलं, आणि मी निकाल देऊन मोकळा झालो.

घडलं ते असं. ऑक्टोबरची रात्र, आंबिया बहाराची तोड चालू. शेवटचे वीस कॅरेट घेऊन अंबडहून जालन्याकडं निघालो होतो. गोलापांगरी ओलांडली आणि डॅशबोर्डखालून आधी वास आला, जळक्या प्लॅस्टिकचा, घशाला लागणारा. मग धूर. मग दोन्ही हेडलाइट एकदम गेले. इंजिन मात्र चालूच. १९९६ची महिंद्रा कमांडर आहे. त्या काळच्या डिझेल इंजिनाचं एकदा सुरू झाल्यावर विजेशी काही देणंघेणं नसतं. बंद करायचं तर चावी नाही, दांडी ओढायची. गच्च अंधारात, धुरानं भरलेली जीप आपल्या नेहमीच्या ठेक्यात धडधडत पुढं चाललीय, हे आठवलं की अजून हातापायाला कंप सुटतो. कशीबशी कडेला घेतली, दांडी ओढली, बॉनेट उघडलं आणि पाना लावून बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला. निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की तिथंच दिवाळी. एवढं एक शहाणपण माझ्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून जीप जालन्यात आणली. मामा चौकातून नव्या मोंढ्याकडं जाताना एक पत्र्याचं शेड आहे, तिथं आमचे मिस्तरी बसतात. साठी उलटलेली, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. चाळीस वर्षं फक्त गाड्यांच्या वायरिंगचं काम. सोबत माझा भाचा होता. तो छत्रपती संभाजीनगरला एका कार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इलेक्ट्रिकलचं बघतो, डिप्लोमा झालेला, दिवाळीच्या सुट्टीला आलेला. येताना त्यानं एक खोकं आणलं होतं. त्यात या जीपची अख्खी तयार वायरिंग, नवी कोरी, वेगवेगळ्या रंगांची, टोकांना कनेक्टर लावलेले.

“मामा, जुनं सगळं उपसून टाकू,” तो म्हणाला. “तीस वर्षांची वायर आहे. आज इथं जळाली, उद्या तिथं जळंल. चाचा, एक दिवसाचं काम आहे, मी पण हात लावतो.”

मिस्तरींनी खोक्याकडं पाहिलंही नाही. “बेटा, आधी सांग, जळालं कशानं?”

“उंदरानं,” मी मधेच बोललो.

“गुरुजी, तुम्ही थांबा. मी याला विचारतोय.”

“कशानं का जळेना चाचा, सगळंच नवं येणार आहे.”

“मग ते नवं पण तिथंच जळंल.”

माझ्या मते दिवसभराच्या वादातलं हे सगळ्यात जड वाक्य होतं, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत बोलून झालं होतं. पण भाचा हार मानणारा नव्हता, आणि त्याचीही बाजू नुसती पोरकट घाई नव्हती. तो ज्या गाड्यांवर काम करतो त्यांत वायर कापून जोड द्यायला कंपनीची मनाईच असते. कुठल्याही वायरीला टेस्ट लॅम्प टेकवला तर एखादा कॉम्प्युटर उडायचा. तिथं दोन पिळदार वायरींवरून पंचवीस-तीस यंत्रं आपसात बोलतात. बॉश कंपनीनं १९८६मध्ये ही पद्धत जगापुढं आणली आणि आज साध्यातल्या साध्या कारमध्येही ती आहे. अशा गाडीत ‘बघू जरा खरवडून’ चालत नाही. संशय आला की तो तुकडा काढायचा, नवा लावायचा. त्याच्या हाताला तीच सवय. मिस्तरींच्या हाताला दुसरी.

मिस्तरींनी त्यांच्या सवयीनं सुरुवात केली. जळालेल्या वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या ब्लेडनं सोडवून वेगळ्या केल्या. दोन्ही हेडलाइटचे सॉकेट काढले. मग हेडलाइटचा फ्यूज काढून त्याच्या जागी दोन तुकडे वायरीला जोडलेला एक साधा हेडलाइटचा बल्ब लावला आणि बॅटरी जोडली. स्विच ओढताच बल्ब झगझगीत पेटला.

“हे काय?” मी विचारलं.

“दिव्याचे सॉकेट काढलेत, म्हणजे करंट जायला वाट नाय. तरी हा पेटला. म्हणजे रस्त्यात कुठंतरी वायर बॉडीला टेकलीय. आता फ्यूज लावला असता तर फ्यूज उडाला असता, दुसरा लावला तर तोही. हा बल्ब उडत नाय. पाच अँपिअर खातो, वरचा करंट जाऊ देत नाय, वायरबी जळत नाय. पेटलेला राहून मला सांगत राहतो.”

मग ते जुडगा हातात धरून एकेक वीत हलवत गेले. डॅशखाली हलवला, बल्ब तसाच. स्टेअरिंगजवळ हलवला, तसाच. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला जे भोक असतं, ज्यातून सगळ्या वायरी पलीकडं जातात, तिथं हात लावला आणि बल्ब मिणमिणला. जरा वर उचललं, विझला. सोडलं, पेटला. भाचा खाली वाकून पाहत होता, त्याच्या तोंडून नकळत “अरे वा” निघून गेलं. मल्टीमीटर घेऊन हीच जागा शोधायला त्याला बराच वेळ लागला असता, हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं. हलतं शॉर्ट मीटरच्या आकड्यात पटकन सापडत नाही.

भोकाला रबरी बूच असायला हवं. नव्हतं. इंजिनच्या उष्णतेनं ते कधीतरी कडक होऊन, तुकडे होऊन गळून पडलं असणार. पत्र्याची उघडी धार आणि तिच्यावर तीस वर्षांची थरथर. वायरीचं साल घासत घासत तांबं पत्र्याला लागलं, आणि जीपचा अख्खा सांगाडाच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असल्यामुळं तिथं करंटला घरी परतायचा जवळचा रस्ता मिळाला. उंदरानं कुरतडलेली वायर? ती हॉर्नची निघाली. तांब्यापर्यंत दात पोचलेही नव्हते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. आमची वायर त्याच्या कामी आली, इतकंच. मी तंबाखूच्या पुडीचा उपाय विचारला. मिस्तरी म्हणाले, “एका ट्रकवाल्याला सांगितला होता. उंदीर तिथंच राहिले. पुडी ड्रायव्हरनं खाल्ली.”

जळालेला फूटभर तुकडा कापून नवा टाकला, भोकाला नवं बूच बसवलं, सॉकेट जोडले. गाडी सुरू. दिवे लागले.

“झालं,” मिस्तरी म्हणाले.

“नाही झालं,” भाचा म्हणाला, आणि खिशातून मल्टीमीटर काढला.

इथून पुढचा अर्धा तास त्याचा होता. इंजिन चालू ठेवून त्यानं बॅटरीवर मोजलं: १३.९ व्होल्ट. मग हेडलाइट लावून, बल्बच्या मागं सॉकेटमध्ये मोजलं: ११.१.

“चाचा, २.८ व्होल्ट वाटेत गेले. बल्बचं गणित असं की व्होल्टेज जरा कमी झालं की उजेड खूप कमी होतो. दहा टक्के व्होल्ट घटले तर तीस टक्के उजेड जातो. इथं तर मिळायला हवा त्याच्या अर्ध्याहून कमी उजेड मिळतोय. मामा म्हणतात डोळे कमजोर झालेत. डोळे ठीक आहेत.”

मी गप्प. मागच्याच महिन्यात नंबर वाढवून घेतला होता.

मिस्तरींनी मीटर हातात घेऊन आकडा पाहिला, भुवया वर गेल्या. “माझा टेस्ट लॅम्प तर पेटतोय.”

“तो पेटणारच. पाच वॉटचा दिवा एका तारेवरपण पेटतो. दोन हेडलाइट अप्परला १२० वॉट मागतात, दहाएक अँपिअर. चोवीस तारांच्या वायरीत वीस तारा तुटलेल्या असल्या तरी टेस्ट लॅम्प म्हणतो सगळं ठीक. दहा अँपिअर गेले की खरं कळतं.”

मग त्यानं मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला कायम धरून दुसरं टोक वाटेनं नेलं, जसा भूकरमापक साखळी टाकत बांधाबांधानं जायचा तसं. फ्यूजच्या खाचेत अर्धा व्होल्ट गेलेला. स्विचमध्ये ०.७. दोन पिळाच्या जोडांत मिळून अर्धा. हे झाले १.७. उरलेले १.१ पॉझिटिव्ह बाजूला नव्हतेच, ते अर्थच्या बाजूला होते. हेडलाइटची अर्थ वायर मडगार्डच्या ज्या बोल्टला कसलेली आहे तिथं पाना फिरवून काढलं तर खाली चकचकीत हिरवा रंग. २०१६ला पासिंगसाठी जीप रंगवली होती. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते. तिथं चांगली दिसावी म्हणून रंगवली. रंगाऱ्यानं बोल्टखालीही प्रेमानं हात मारला आणि वर वायर कसली. गाडी पास झाली. दिवे तेव्हापासून मंद.

मिस्तरींनी एक शब्द न बोलता पॉलिश पेपर घेतला, पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, वायरीचा लग घासला, कसला आणि वरून ग्रीस लावलं. भाच्यानं मोजलं. १.१चे ०.१ झाले. शेडच्या भिंतीवरचा दिव्यांचा गोळा डोळ्यांदेखत पांढरा झाला.

“तुझं मशीन खरं बोलतंय,” मिस्तरी म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

“म्हणूनच म्हणतो, सगळं बदला!” भाच्याला चेव आला. खोकं पुढं सरकवलं.

आता मात्र मिस्तरींनी खोकं उघडलं. लाल रंगाची जाड वायर निवडली, टोक सोललं, आतली एकच तार उपटून नखावर धरली आणि ब्लेडनं हलकेच खरवडली. बाहेरून तांबूस असलेली तार आतून पांढरी निघाली. मग लायटर पेटवला. तारेचं टोक ज्योतीत धरताच वितळून त्याचा बारीक गोळा झाला. आमच्या जीपमधल्या जुन्या वायरीची एक तार तशीच धरली. ती लाल झाली, काळी पडली, पण जागची हलली नाही.

“ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. हलकं, सस्त. घरात डोअरबेलला चालंल. जीपच्या थरथरीत तुटंल, जोडाला गरम होईल.”

भाचा खरंच ओशाळला. बिल होतं त्याच्याकडं, परत करतो म्हणाला. मला त्याची थोडी दया आली. तो ज्या जगात काम करतो तिथं खोक्यावर जे लिहिलंय तेच आत असतं. आपल्या मोंढ्यात खोकं आणि आतला माल यांची ओळख असेलच असं नाही. पण त्याच्या म्हणण्यातला जीव यानं संपला नव्हता. खोटं खोकं मिळालं म्हणून जुनी वायरिंग चांगली ठरत नव्हती, आणि ते मिस्तरींनाही माहीत होतं. म्हणूनच दुपारी चहानंतर त्यांनी स्वतःच डॅशखालचा पूर्ण जुडगा खाली ओढला.

तो जुडगा म्हणजे आमच्या घराची दप्तरं होती. वरची टेप मे महिन्यांतल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात पाघळून काळ्या गुळासारखी झालेली. ती सोलली की खाली दुसरी, निळी. त्याखाली कापडी. मूळ वायरी त्या गर्दीत शोधाव्या लागत होत्या. बाकी सगळ्या नंतरच्या पाहुण्या. ही पांढरी धाकट्या बहिणीच्या लग्नात वरातीसाठी लावलेल्या टेपची. टेप गेला, वायर लोंबत राहिली. ही हिरवी, एअर हॉर्नची, जो आईनं दुसऱ्या दिवशीच काढायला लावला. ही मोबाइल चार्जरची. घरगुती पंख्याच्या वायरीचा एक तुकडाही निघाला. मिस्तरी प्रत्येकीला ‘डायरेक्ट’ म्हणत होते. गॅरेजच्या भाषेत ज्या वायरीनं फ्यूज आणि स्विचला टाळून थेट बॅटरी गाठली ती डायरेक्ट.

“बघ बेटा. कंपनीच्या वायरी किती खराब? तीन. या डायरेक्ट किती? अकरा. वायरिंग म्हातारी झाली नाय. तिच्यावर ओझं टाकलं लोकांनी.”

“पण ओझं टाकणारे तुमच्यासारखेच मिस्तरी होते ना, चाचा? ज्यानं त्यानं आपापल्यापुरतं चालवून दिलं. एकानंही मागचं काढलं नाही. पूर्ण वायरिंग बदलायचा फायदा नवं तांबं नाही. एकदा सगळं साफ होतं, हा फायदा.”

हे बोलणं मला पटलं. मिस्तरी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा हात एका जोडापाशी थांबला. त्या जोडावर टेप नव्हती. मेण लावलेला दोरा होता, जवळजवळ गुंडाळलेला, दोन्ही बाजूंना वायरीवर बोटभर पुढं नेलेला.

“हा माझा आहे.”

त्यांनी चष्मा वर केला. “माझ्या उस्तादाची पद्धत. आता कोण दोरा लावतं! गुरुजी, तुमच्या वडलांनी आणली होती गाडी, अल्टरनेटरला. वीस वर्षं झाली असतील.”

भाच्यानं दोन्ही बाजूंना मीटर लावलं. जोडावर दोन शतांश व्होल्टही जात नव्हते. पण तो हट्टाचा पक्का. “जोड चांगला आहे. तरी झाळकाम गाडीत करू नये असं आम्हाला शिकवतात. शिसं वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथं कडक संपतं तिथंच थरथरून तुटतो. म्हणून कंपनी पंच करते.”

“खरं आहे,” मिस्तरी म्हणाले, “म्हणून तर दोरा. कडक भाग जिथं संपतो, त्याच्या पुढं दोऱ्यानं बांधून घ्यायचं, वायर तिथं वाकतच नाय. पंच चांगलाच असतो, पण त्याला बराबर डायची पक्कड पाहिजे. इथं लोक दातानं पंच करतात.”

वादाचा सूर इथं बदलला, असं मला वाटतं. तोवर दोघं एकमेकांना नाकारत होते. आता एकमेकांची कारणं विचारायला लागले. कुरतडलेल्या हॉर्नच्या वायरीचं टोक मिस्तरींनी कापलं, तर आतलं तांबं काळं. इंचभर मागं कापलं, काळं. आणखी इंचभर, तपकिरी. पाचव्या कापात लाल तांबं चमकलं. “ओल सालाच्या आतनं चढत जाते. काळ्या तांब्याला झाळ पकडत नाय आणि तुझा पंचबी पकडत नाय. चमक दिसंपर्यंत मागं जायचं.” भाच्यानं मान डोलावली. हे त्याला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं, कारण त्याच्या वर्गात वायर कापायचीच नव्हती.

मग फ्यूजची पेटी. मिस्तरींनी एकेक काचेची नळी काढून उजेडात धरली. चौथी नळी काढली आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. हेडलाइटचा फ्यूज, सकाळी काढून पुन्हा बसवलेला. काचेवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली, कडेला काळी पडलेली.

“ही चांदी कुणाची?” भाच्यानं विचारलं. “शॉर्ट झालं तेव्हा हा उडाला असता तर एक वायरसुद्धा जळाली नसती. फ्यूज दिवा वाचवायला नसतो मामा, वायर वाचवायला असतो. ही चांदी किती अँपिअरला वितळंल ते बनवणाराही सांगू शकत नाही.”

चांदी माझी होती.

२०१२-१३चा दुष्काळ. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या त्या वर्षी. कित्येकांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडून सरपण केलं. आमची दोनशे झाडं जगवायला मी रात्री-अपरात्री जीपमागं टाकी बांधून पाणी आणत होतो. टँकर भरायच्या रांगेत अंधारात दिसावं म्हणून मागं एक दिवा लावला, तो हेडलाइटच्याच वायरीतून घेतला. लोड वाढला, फ्यूज उडाला. रात्रीचे दोन वाजलेले, रांगेत नंबर आलेला. पुढच्या टँकरच्या ड्रायव्हरनं सिगारेटचं रिकामं पाकीट दिलं आणि कसं गुंडाळायचं ते दाखवलं. नंतर दिवा गेला, टाकी विकली, झाडांतली एकशे चाळीस वाचली. चांदी तिथंच राहिली. बारा वर्षं.

मी हे सांगितलं. भाचा पुढं काही बोलला नाही. मिस्तरी म्हणाले, “त्या रात्री बराबर केलं तुम्ही. सकाळी काढायची होती.”

संध्याकाळी काय करायचं ते ठरलं. अकराच्या अकरा डायरेक्ट काढायच्या. इंजिनकडच्या, उष्णतेनं कडक झालेल्या वायरी नव्या, पण त्या खोक्यातल्या नाहीत. मोंढ्यातून शुद्ध तांब्याची वायर मीटरवर घ्यायची, तीही तार खरवडून. केबिनमधल्या मूळच्या ज्या वायरी मीटरवर खऱ्या उतरतील त्या ठेवायच्या. आणि हेडलाइटला रिले, म्हणजे दहा अँपिअरचा भार स्विचवरून न जाता बॅटरीपासून थेट जाड वायरीनं दिव्यापर्यंत जाईल, स्विच फक्त रिलेला हुकूम देईल.

रिलेवरून शेवटची चकमक झाली. भाचा एक लावत होता. मिस्तरींनी हात धरला. “एक रिले गेला तर दोन्ही दिवे एकदम. काल गुरुजींचं तेच झालं. डाव्याला वेगळा, उजव्याला वेगळा, फ्यूजबी दोन. एक गेला तर दुसऱ्यावर घरी पोचंल माणूस.” भाच्यानं दुसरा रिले आणला. जोडताना मिस्तरी पुटपुटत होते, तीस बॅटरीला, सत्त्याऐंशी दिव्याला, पंच्याऐंशी अर्थ, शहाऐंशी स्विच. हे आकडे कुठून आले असं भाच्यानं विचारलं तर म्हणाले, उस्तादानं पाठ करून घेतले. ते आकडे जर्मनीच्या एका मानकातले आहेत आणि जगभर तसेच लिहितात, हे त्यानं सांगितल्यावर मिस्तरी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “उस्ताद परभणीच्या पुढं कधी गेला नव्हता.”

काढलेल्या वायरींचा ढीग कोपऱ्यात पडला होता. भंगारवाला तो नेतो, कुठंतरी जाळून तांबं वेगळं काढतो. त्या धुरात काय काय असतं ते आठवलं तरी श्वास रोखावा वाटतो. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळई करणारं हे शहर. पण भंगार लोखंडात मोटारीच्या वायरींचं तांबं राहून गेलं तर ते भट्टीतून निघत नाही आणि तापलेल्या सळईला लाटताना तडे जातात, हे मला शेजारच्या भट्टी-कामगारानं सांगितलेलं. जीप भंगारात द्या असं माझा मेहुणा दरवर्षी सांगतो. २०२६ला पुन्हा पासिंग आहे, तेव्हा पुन्हा सांगेल. उद्या खरंच दिली तर निदान कुठली वायर कुठं आहे हे काढणाऱ्याला कळावं, असं माझ्या मनात आलं.

ते भाच्याच्याही मनात आलं होतं, वेगळ्या कारणानं. “चाचा, हे सगळं लिहून ठेवा. कुठली वायर कुठून कुठं.”

“डोक्यात आहे.”

“तुमच्या. पुढचा मिस्तरी तुमचं डोकं कुठं शोधणार? मग परत एक डायरेक्ट टाकंल.”

मिस्तरींनी उत्तर दिलं नाही. बराच वेळ रिलेचे बोल्ट कसत राहिले. मग भाच्यानं मोसंबीच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, पेन काढलं आणि खाली बसला. मिस्तरी वरून सांगायला लागले: पहिली बॅटरीपासून फ्यूजपेटीला, जाड लाल. दुसरी इग्निशनला. मधेच थांबून, “नाय, ती पिवळी, मी बदललीय, पिवळी लिही.” आपला जुना दोऱ्याचा जोड कुठं आहे, तेही त्यांनी लिहायला लावलं. पुठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशखाली बांधला. दोऱ्यानं.

निघताना मी एक विनंती केली. मागचा, पाण्याच्या टाकीचा दिवा पुन्हा लावून द्या, रात्री तोड चालली की लागतो. दोघं एकदम “नाही” म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं आणि ते माझ्याविरुद्ध. मग मिस्तरी जरा निवळले. लावून दिला, वेगळ्या स्विचवर, वेगळ्या फ्यूजवर. खिशातून फ्यूजची छोटी डबी काढून माझ्या हातात ठेवली, दहाचे चार, पंधराचे चार, आणि चांदीवाला फ्यूज माझ्याच शर्टाच्या खिशात टाकला.

अंधार पडल्यावर अंबडच्या रस्त्याला लागलो. भाचा शेजारी. रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडं, दगडावर रंगवलेले किलोमीटर, एका शेताच्या बांधावर बसलेला कुत्रा, सगळं आधीच दिसत होतं. गोलापांगरीच्या अलीकडं समोरून एक ट्रक आला आणि त्यानं दोनदा डिपर मारला. माझ्या लक्षातच येईना काय झालं. इतक्या वर्षांत मला कुणी डिपर मारला नव्हता.

“मामा,” भाचा म्हणाला, “दिवे खाली करा. त्याच्या डोळ्यांवर येताहेत.”